हर्राशीतली गाडी

पुणे,
५ डिसेंबर २०१५

मैनाबाईस चंद्रभानचा सप्रेम जयभीम.

फोन केला की तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. बाबांनी चांदूर रेल्वेच्या पोस्टात जन्मभर लोकांच्या चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हा पोस्टमनच्या लेकरांनी एकमेकांना दोन ओळी तरी लिहाव्यात. हे वाक्य त्यांचंच आहे, मी फक्त पुढे पाठवतो.

विषयही त्यांचाच. काल जयवंताआत्याशी बोललो. बाबांच्या पायांवरची सूज उतरत नाही, जेवण दोन घासांवर आलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, मागतील ते खाऊ घाला. मागतात काय, तर एकच. मैना आली का, मैना आली का. आत्या कंटाळून म्हणते, "येऊन राहिली, रस्त्यात हाये."

बाई, माय गेली त्यानंतर तू चांदूरला पाय ठेवला नाहीस. चार वर्षं झाली. अकोल्याहून चांदूर म्हणजे काय दिल्ली आहे? सकाळच्या पॅसेंजरला बसलीस तर दुपारची भाकर बाबांजवळ. पण नाही. न्यायला मुराळी आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही, हे तू मला कितीदा ऐकवलंस. बाबांचे पाय चालत होते तोवर ते दरवर्षी येत होते, मान्य. आता त्यांचे पाय गेले आणि मला इथे डिसेंबरात सुट्टी नाही. कंपनी बदलली, मी नवा, साहेब तोंड उघडू देत नाही.

म्हणून मी एक तोड काढली आहे. इंटरनेटवर एक जागा आहे. तिथे आपण लिहायचं, अमुक गावाहून अमुक गावाला जायचंय, अमुक तारखेला, माणसं इतकी. मग त्या भागातले गाडीवाले आपापला भाव टाकतात. प्रत्येकाला दुसऱ्याचा भाव दिसतो, की लगेच तो आपला कमी करतो. आपण फक्त गप्प बसून पाहायचं! माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणतो, शेवटपर्यंत हो म्हणायचं नाही, तीच खुबी. काल सहज अकोला ते चांदूर, जाणं-येणं, टाकून पाहिलं. साडेतीन हजारांपासून सुरू झालं आणि जेवून येईपर्यंत अडीचवर आलं. चौघंजण नुसते तुटून पडले होते.

तर तू दिवस सांग. गाडी तुझ्या दारात येईल, दारातच सोडेल. राणीसारखी जा. भाऊजींना जयभीम.

तुझा,
चंद्रभान

॰

अकोला,
१२ डिसेंबर २०१५

चंद्रभानले मैनाचा जयभीम.

पत्र भेटलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायावानीच हाये तुयं, पन लिहिलं हे बरं केलं.

वाचून आधी मले हासू आलं आन मंग लय वाईट वाटलं. बाप्पा! माहेरच्या वाटेची हर्राशी केली तुनं! इथं बाजार समितीत कापसाची हर्राशी होते, तवा भाव वर चढते. तुयी हर्राशी उलटी, खाली खाली जाते. आन तू तिकडं बसून मजा पाहून राहिला. ते चौघं कोन होते, ते तरी इचारलं का?

मले गाडी नको रे. मले न्यायले मानूस पाहिजे. तुले हे खूळ वाटते, मले माहीत हाये. तू लहान होता, तुले काय आठवन. बाबा यायचे ते पोस्टाच्या जुन्या थैलीत मुरमुऱ्याचे लाडू घेऊन. वट्यावर बसायचे. मायी सासू पानी घेऊन गेली की म्हनायचे, "पानी मंग, पहिले सांगा, लेक धाडता का?" एवढा साधा मानूस, पन त्या दिवशी आवाज असा काढायचा की माया सासऱ्यानं बिडी विझवून ठेवावं. मी सैपाकघरात बसून आयकत असो. साऱ्या वर्षात तेवढा एक दिवस मले वाटे, मायं कोनी हाये.

माय गेली, आन पुढच्या दिवाळीले मी पिशवी भरून बसली. कोनी नाही आलं. बाबाचे पाय दुखतात म्हने. मंग तू यायचं होतं. तू नाही आला. त्याच्या पुढच्या दिवाळीले मी पिशवी भरलीच नाही. आता माया बी मनानं घेतलं. बाबा माया नावानं इचारतात हे वाचून मले झोप नाही, खोटं कायले बोलू. पन मी बिनबोलावल्या बाईवानी पॅसेंजरमधून उतरून दारात उभी राहीन, हे नाही होनार. आन भाड्याच्या अनोळखी मानसाबरोबर तर नाहीच नाही.

तू ये. एक दिवस ये. वट्यावर बस, पानी पे, म्हन, लेक धाडता का. मी त्याच पायी निघते. बाकी काही नको मले.

तुयी बाई,
मैना

॰

पुणे,
१९ डिसेंबर २०१५

बाईस जयभीम.

रागावू नकोस. मी तुला न विचारता गाडी ठरवली आहे. फोन केला असता तर तू नाही म्हणाली असतीस आणि माझं तोंडच बंद झालं असतं. पत्राला तुला लगेच नाही म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

तुझं म्हणणं मी वाचलं, मला कळलंही. जानेवारीच्या दहा तारखेचं माझं रिझर्वेशन झालं आहे, तेव्हा मी येतोच. पण आत्या काल फोनवर रडली. बाबा रात्री तुला हाका मारतात. तुझा मान आणि माझी सुट्टी जुळेपर्यंत थांबायला त्यांना वेळ आहे का, हे मला सांगता येत नाही. तुलाही येणार नाही.

गाडीवाला तुझ्याच गावचा, जुन्या शहरातला. नासिर नाव. आधी मी २६ तारीख टाकली होती, म्हणजे पत्र मिळून तुला आवराआवर करायला वेळ राहील. पण त्या दिवशी बाकीच्यांचे भाव वर होते. नासिर म्हणाला, २६-२७ ला माझी गाडी लग्नात आहे, २३ ला रिकामी उभी आहे, त्या दिवशी चालेल का, अठराशेत नेतो. मी म्हटलं, ठरलं! साडेतीनवरून अठराशे, बाई! इथे सगळ्यांना दाखवलं, कोणाचा विश्वास बसेना.

पत्र आज टाकतो आहे, मंगळवारी तुला मिळेलच. त्याला मी सांगून ठेवलंय की बाई काहीही म्हटली तरी घेऊनच जा, आणि जास्त बोलत बसू नका. म्हणजे तुमची वादावादी नको.

एवढ्या वेळेला जा. बाबांसाठी जा. माझ्यावरचा राग नंतर काढ.

चंद्रभान

॰

पुणे,
२५ जानेवारी २०१६

मैनाबाईस,

पुण्याला येऊन आठवडा झाला. लिहू की नको, असं चाललं होतं. न लिहिता राहवत नाही.

दहाच्या रिझर्वेशनने निघालो आणि बाबा गेले त्या संध्याकाळी चांदूरला पोचलो. बाबांना उचलायची तयारी झाली होती, लोक माझ्यासाठी थांबले होते. तू उशाशी बसली होतीस. मी दारातून पाहिलं, तुझे डोळे कोरडे. मला वाटलं, रडून रडून थकली असेल. पण आमच्यासमोर बाबांना नेलं, तरी तू तोंडातून आवाज काढला नाहीस. आत्या छाती पिटत होती, गल्लीतल्या बायका रडत होत्या आणि पोटची लेक भिंतीला टेकून पाहत होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही तेच. लोक माझ्याकडे पाहून माना हलवत होते.

तेवढ्यावर मी गप्प राहिलो असतो. पण निघायच्या दिवशी नळावर दोघी बायका बोलत होत्या. मी मागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "लेक तर कपडा घेऊनच आली होती. बाप खाटेवर बसला होता जिता, आन हिच्या बगलेत पांढरा कपडा." मी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, हो, आणला होता, आणि चुलीकडे तोंड फिरवलं. अजून काही सांगेना.

बाई, हे खरं आहे? जिवंत बापाच्या दारात तू कफन घेऊन गेलीस? चार वर्षांचा राग इतका होता? मी गाडी धाडली ती याच्यासाठी? त्यापेक्षा तू आली नसतीस तर मी समजून घेतलं असतं.

मला उत्तर पाहिजे. फोनवर नको, फोनवर मी काहीतरी बोलून बसेन.

चंद्रभान

॰

अकोला,
३ फेब्रुवारी २०१६

चंद्रभान, जयभीम.

तुये भाऊजी म्हने, उत्तर नको देऊ, पोरगं दुःखात लिहून गेलं. पन तुनं इचारलं, तर सांगते. बसून वाच. उभ्या उभ्या नको वाचू.

कपडा नेला होता, हे खरं. बाबा गेले तवा रडली नाही, हे बी खरं. त्या बायकांनी खोटं काही सांगतलं नाही तुले. मधातलं तेवढं सांगतलं नाही.

तुयी एकोनीस तारखेची चिठ्ठी मले मी चांदूरहून परत आली तवा दाराच्या आत पडलेली भेटली. गाडी येऊन गेली, बाप जाऊन गेला, मंग चिठ्ठी वाचली मी. पोस्टमनच्या घरची गोष्ट, पाह्य कशी!

त्या दिवशी सकायी मी भाकरी टाकून राहिली होती. भाऊजी ड्युटीवर. दारात पांढरी गाडी उभी राहिली. एक दाढीवाला मानूस उतरला. "मैनाबाई तुमीच का? चला मावशी, चांदूरले जायचं हाये. भाड्याचं सारं होऊन गेलं." मी म्हटलं, कोनी धाडलं? म्हने, भावानं. काहून? तो डोकं खाजवू लागला. "चाचाची तबियत नरम हाये म्हने. जास्त मले माहीत नाही."

आता तूच सांग, आपल्यात लेकीले असा निरोप कवा येते? माय गेली तवा बाबाच जीप घेऊन आले होते. "मायची तबियत नरम हाये, चाल." सारा रस्ता खिडकीबाहेर पाहत बसले. एक सबद नाही. चांदूरच्या रेल्वे फाटकापाशी मले समजलं. आपल्यात लेकीले कोनी तोंडानं नाही सांगत. गाडी येते, आननारा बोलत नाही, भाडं पहिलेच देलेलं असते. शेजारची माणिकबाई धावत आली. तिनं बी ते आयकलं. तिनं गॅस बंद केला, माया हाताचं पीठ धुतलं आन म्हने, "जाय बाई. इचारू नको आता काही." मी तुले फोन लावला, तू उचलला नाही. आत्याचा बंद. अजून काय पाहिजे होतं समजायले?

मूर्तिजापूरले मी गाडी थांबवायले लावली. पांढरा कपडा घेतला, एक हार घेतला. नासिरनं ते पाह्यलं आन त्याचं तोंड उतरलं. गानं चालू होतं ते बंद केलं त्यानं. "मावशी," म्हने, "खुदाकसम, मले कोनी असं सांगतलं नाही. मयतीची सवारी म्हून मालूम असतं तर मी बोली लावलीच नसती. मयतीत आमी डिझलच्या वर घेत नाही." मंग म्हने, "तुमचा भाऊ तिकडं गप्प बसला, आन आमी चौघं इकडं एकमेकाचा भाव पाडत बसलो. त्यातला एक तर माया साढू हाये. काय करता मावशी, यंदा लोकाइच्या वावरात काही झालं नाही, लग्नं पुढं ढकलली. गाडी दिवसभर झाडाखाली उभी राहते. चाक फिरलं तरी जीवाले बरं वाटते." मी आयकत होती, पन मायं ध्यान कुठं!

चांदूरच्या फाटकापासून मी रडत गेली. आपल्या बाया जशा जातात तशीच. गल्लीच्या तोंडाशी उतरली आन मोठ्यानं सुरू केलं. काय काय म्हटलं, सारं आठवत नाही. माया बाबा व, उन्हातान्हात सायकल हाकलली, साऱ्या गावाले चिठ्ठ्या देल्या, मले सोडून काहून चालले व. मी रुसली व बाबा. पिशवी भरून बसली होती व, तुमी नाही आले. तुमचे पाय गेले हे मले समजलं नाही व, समजलं तरी मी आयकलं नाही. लोकं घरातून बाहेर आले. त्याइले वाटलं, म्हातारा आताच गेला का काय. दोघी-तिघी तर मायासंग रडू लागल्या.

आन मी घराचं फाटक ढकललं, तर बाबा अंगनात. उन्हात खाट टाकली होती. डोक्यावर टॉवेल. आत्या वाटीनं पेज पाजून राहिली होती.

त्याइनं मायाकडं पाह्यलं. गल्लीभर बायका मागं उभ्या. म्हने, "कोन गेलं व, मैना?"

खरंच इचारलं रे त्याइनं. त्याइले वाटलं, मायाकडचं कोनी गेलं.

आत्याच्या हातची वाटी पडली. बाबाची नजर मंग माया बगलेत गेली. कपडा दिसला, हार दिसला. समजलं त्याइले. मले वाटलं, आता जमीन फाटावं. मी खाली बसली, पाय धरले. त्याइनं तो कपडा घेतला, बोटानं चोळून पाह्यला. "चांगला हाये," म्हने, "पेटीत ठेवून दे." आन मंग हासले. मायी शप्पथ, हासले. "थांबली काहून? रड. कोनाले भेटते आपलं रडनं आयकायले?"

मंग इचारलं, कोनासंग आली? नासिर फाटकात उभा होता, त्याच्या डोयाले पानी. तो म्हने, "मी आनलं चाचा. चंद्रभानभाऊनं धाडलं मले." बाबा म्हने, "मंग तू मुराळी झाला. बस. मुराळी उपाशी जात नाही." त्याले खाटेवर बसवलं. आत्यानं पिठलं-भाकर केली. तो नाही नाही म्हनत होता, तरी बाबानं त्याच्या खांद्यावर नवा टॉवेल टाकलाच.

ते दिवस कसे गेले, काय सांगू तुले. आपल्यात जितेपनी कोन कोनाशी बोलते रे? बाप इचारते, जेवली का. लेक म्हनते, हो. खलास. माया तोंडून जे निघालं ते मी त्याइले कधी सांगनार नव्हती, त्याइनं मले कधी इचारलं नसतं. ते चुकून निघालं, आन ते जिते होते तवा निघालं. सांजच्याले लोकं भेटायले येत. बाबा त्याइले सांगत, "मी मायं रडनं आयकून बसलो, आता भेव नाही." लोकाइले कसं तरी होये. उठून जात.

ते गेले तवा मी बाजूले होती. तोंड उघडलं, तर आतून काही आलंच नाही. जे होतं ते त्याइले देऊन झालं होतं. पुन्हा रडली असती तर ते लोकाइले दाखवायसाठी झालं असतं. तू दारात उभा राहून मायाकडं पाहून राहिला होता, ते मले दिसलं. तवाच बोलायले पाहिजे होतं. नाही बोलली. मले वाटलं, भाऊ हाये, समजून घेईल.

तुयावर मायं काही नाही. तुनं गाडी धाडली नसती तर मी रुसलेलीच राहिली असती आन बाबा गेले असते. पन धाडली ती कशी धाडली, हे बी पाह्य. तुले इथलं सारं माहीत, आन भाव पाहायच्या नादात इसरून गेला.

मैना

॰

पुणे,
११ फेब्रुवारी २०१६

बाई,

तुयं पत्र मी जिन्यात उभ्यानं उघडलं, मंग पायरीवरच बसून वाचलं. तुयी भावजय संध्या दोनदा बोलवायले आली. तिले मी पत्रच देलं हातात.

सव्वीसची तेवीस मी केली. भावासाठी केली. मी आकडा खाली येताना पाहत होतो बाई, आन मले वाटत होतं मी जिंकून राहिलो. जास्त बोलू नका, घेऊनच या, हे बी मीच सांगतलं त्याले. माय गेली तवा बाबानं तुले असंच आनलं होतं, हे मले माहीत होतं. मी विसरलो नव्हतो. मले ते सुचलंच नाही. मानूस असा कसा होते, मले समजत नाही.

त्या कंपनीच्या मित्रानं परवा इचारलं, काय रे, ती गाडी कशी निघाली, चांगली का? मी हो म्हटलं आन बाहेर येऊन उभा राहिलो.

तुले मी काय काय लिहिलं. आता ते परत घेता येत नाही. तू रडली नाही म्हून मी तुले बोललो, आन बाई, मी तरी कुठं रडलो? पोचलो ते खांदा दे, भन्तेजीले फोन कर, खुर्च्या आन, नगरपरिषदेतून दाखला आन. सारे म्हनत, पोरानं सारं सांभायलं. मी ते आयकून अजूनच धावत होतो. पुण्याले आलो, दुसऱ्या दिवशी कामावर. इथं आमच्या भिंती पातळ, बाजूच्याचा चमचा पडला तरी आयकू येते. संध्या म्हनते, रडून घ्या. कसं रडू? कोनासमोर? तुले तरी फाटकापासून घरापर्यंत रस्ता भेटला, मागून रडायले बाया भेटल्या. मले कोनी इचारलंच नाही.

पुढच्या शुक्रवारी रातच्या बसनं निघतो, शनिवारी सकायी अकोल्यात. कोनतं काम नाही, कोनाले काही सांगायचं नाही. तुया घरात बसायचं हाये. पाव्हने असतील तर त्याइले कुठं धाडून दे. मले मोठ्यानं रडायचं हाये बाई, आन जगात दुसरी जागा नाही.

आन एक इचारतो. आपल्या बाया रडतात तवा घरातल्या साऱ्याइची नावं घेतात. तू त्या दिवशी बरंच काही म्हटलं असशीन. त्यात मायं नाव होतं का? नसलं तरी खरं सांगजो. मी राग नाही मानत.

चंद्रभान

॰

अकोला,
१६ फेब्रुवारी २०१६

चंद्रभान,

तुयं नाव होतं.

मी म्हटलं होतं, माया चंद्रभान परमुलखात एकला व बाबा, त्याले कोन सांगन, तो कोनाच्या गळ्यात पडन, त्याले पोटाशी घ्यायले कोनी राह्यलं नाही व.

बाबानं त्या दिवशी काही म्हटलं नाही. पन दुसऱ्या दिवसापासून सांज झाली की म्हनत, "मैना, ते चंद्रभानचं म्हन." मी म्हनो. डोये मिटून आयकत. आत्या चिडे, कायले अभद्र बोलायले लावता म्हने पोरीले. ते म्हनत, तू गप. बाकीचं काही मांगितलं नाही त्याइनं, मायंही नाही. तेवढंच.

गेले त्या सकायी बी तेच मांगितलं. मी म्हनून राहिली होती, आन माया हातातला हात ढिला झाला. आत्या चुलीपाशी होती, तिले माहीत नाही. मी थांबली नाही, पुरं म्हटलं. मंगच उठून तिले सांगतलं. म्हून पुढं मले काही म्हनता नाही आलं.

हे मी तुले कधी सांगनार नव्हती.

भाऊजी शनिवारी गावाले जाऊन राहिले. घरात मी एकलीच हाव. ये.

तुयी बाई,
मैना